कांद्याचे कूळ ‘लिलिएसी’ छापणे आता थांबवावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कांदा लागवडीवर आपल्या शेती पुरवणीत आलेला लेख उपयोगी होता. खतांच्या मात्रा, रोपांतले अंतर, काढणीची वेळ, सगळे व्यवस्थित दिले होते. पण पहिल्याच परिच्छेदात ‘कांदा हे लिलिएसी म्हणजे लिलीच्या कुळातील पीक आहे’ असे वाक्य आहे, आणि विद्यार्थ्यांच्या पानावरील प्रश्नमंजूषेतही उत्तर तेच दिले आहे. हे वाक्य एकट्या आपल्या दैनिकाचे नव्हे. शिकवणीच्या नोट्स, माहितीपत्रके, रोपवाटिकांतले फलक अशा सगळीकडे ते वर्षानुवर्षे एकमेकांचे बघून उतरवले जाते. आजच्या वर्गीकरणात कांदा अमरिलिडेसी कुळात आहे, लिलिएसीत नाही. हा नुसता नावाचा वाद असता तर आपले पान अडवले नसते. पण कूळ चुकले की त्याच्या मागून चुकीचे सल्ले येतात आणि त्यांतले काही जिवावर बेतू शकतात.

आधी ही चूक आली कुठून ते पाहू, कारण ती अडाणीपणातून आलेली नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये कांद्याला ॲलियम सेपा हे नाव दिले. त्याची वर्गवारी पुंकेसर, म्हणजे फुलातले परागाचे तंतू, मोजण्यावर होती. सहा पुंकेसर आणि एक कुक्षिवृंत दिसला की झाड त्या खणात, त्यामुळे कांदा, लिली आणि निशिगंध शेजारी शेजारी बसले. पुढे बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात आपली पद्धत मांडली, आणि आपल्याकडची महाविद्यालये नि वनस्पतिसंग्रह आजही बऱ्याच अंशी तिच्यावर चालतात. त्यांची कसोटी बीजांडकोशाच्या, म्हणजे फुलात बी धरणाऱ्या भागाच्या, जागेची होती. फुलाच्या पाकळ्या जिथून निघतात त्याच्या वर बीजांडकोश असेल तर लिलिएसी, खाली असेल तर अमरिलिडेसी. कांद्याचा वर असतो, म्हणून कांदा लिलिएसीत गेला. त्या पद्धतीपुरते हे चोख होते. आजही जर्नलच्या पानावर ‘बेंथम-हूकर पद्धतीनुसार’ असे लिहून कोणी लिलिएसी लिहिले, तर ते चूक धरू नये. आक्षेप आहे तो पद्धत न सांगता ‘आहे’ म्हणून छापण्याला.

त्या एका कसोटीमुळे लिलिएसी हे कूळ म्हणजे अडगळीची खोली झाली. कोरफड, शतावरी, कळलावी, घोटवेल, रानकांदा, पावसाळ्यात बाजारात येणारी फोडशी, कांदा, लसूण, सगळे एकाच छपराखाली. यांतले एकही आज लिलिएसीत उरलेले नाही. शतावरी, रानकांदा आणि फोडशी ॲस्पॅरागेसीत गेली, कोरफड ॲस्फोडेलेसीत, कळलावी कोल्चिकेसीत, घोटवेल स्मायलॅकेसीत. लिलिएसीत राहिली ती खरी लिली, म्हणजे फुलवाल्याकडे मिळणारी एशियाटिक लिली, ट्यूलिप आणि त्यांचे जवळचे सोयरे.

कांदा लिलिएसीत खटकतो हे डीएनए वाचता येण्याच्या कितीतरी आधी लक्षात आले होते. जॉन हचिन्सन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये बीजांडकोशापेक्षा फुलोऱ्याला महत्त्व दिले. बिनपानांचा एक दांडा, त्याच्या टोकाला एकाच ठिकाणाहून निघालेली फुले आणि कळ्या असताना त्या सगळ्यांना झाकणारे पातळ पापुद्र्याचे वेष्टण: ही ठेवण कांद्यातही आहे आणि स्पायडर लिलीतही. म्हणून त्याने कांद्याला अमरिलिडेसीत नेले. बीजांडकोश वर असूनही. त्या वेळी सगळ्यांनी ते मानले नाही. १९८५ मध्ये डॅलग्रेन आणि सहकाऱ्यांनी कांद्यासाठी ॲलिएसी हे स्वतंत्र कूळ धरले. काही पुस्तकांत हे तिसरे नाव दिसते ते त्यामुळे. मग हरितलवकातील जनुकांच्या तुलनेवर उभी राहिलेली एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या संशोधक गटाची) वर्गवारी आली. तिच्या १९९८ च्या पहिल्या आवृत्तीत ॲलिएसी वेगळे होते. २००३ मध्ये दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या, आणि २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत कांदा, अमरिलिस आणि आगापॅन्थस यांना मिळून एकच अमरिलिडेसी कूळ झाले. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीतही तेच कायम आहे. डीएनएने अखेर हचिन्सनच्या बाजूने कौल दिला.

नावाबाबत एक गोष्ट. ॲलिएसी हे नाव १७९७ चे आणि अमरिलिडेसी १८०५ चे. जुने नाव टिकावे हा वनस्पतिनामांचा नेहमीचा नियम. इथे मात्र अमरिलिडेसी हे अधिक रुळलेले नाव राखण्यासाठी खास अपवाद केला गेला.

गंमत पुढे आहे. कांदा अमरिलिडेसीत आला आणि निशिगंध तिथून बाहेर पडला. बेंथम-हूकरांनी बीजांडकोश खाली म्हणून निशिगंध आणि घायपात यांना अमरिलिडेसीत ठेवले होते. ती दोन्ही आता ॲस्पॅरागेसीत आहेत, आणि निशिगंधाचे शास्त्रीय नावही बदलून अगेव्ह अमिका झाले आहे. म्हणजे जुन्या नोट्स वाचणाऱ्या मुलाच्या दोन्ही जोड्या उलट्या पाठ होतात.

हे पाठ करण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावे, आणि कोल्हापुरात ते सहज जमते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत पाच-सहा सेंटिमीटर व्यासाचा निरोगी कांदा घ्यावा. वरचा एक तृतीयांश भाग आडवा कापून टाकावा म्हणजे कोंब लवकर निघतात. खाली भोक असलेल्या कुंडीत, शेणखत आणि वाळू मिसळलेल्या मातीत, कापलेला भाग जेमतेम उघडा राहील इतका पुरावा. पाणी बेताने. कुंडीत पाणी साचले की बुडाची तबकडी कुजते आणि कोंब पिवळा पडून हातात येतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री मिळाल्या की डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, निघतो. हाच कांदा मार्चमध्ये लावला तर पात भरपूर येते, दांडा येत नाही, कारण फुलावर येण्यासाठी कांद्याला थंडी लागते. शेतात कोवळ्या पिकाला डेंगळे येतात ते याच कारणाने, उलट्या बाजूने: रोप जरा मोठे झालेले असताना थंडीचा कडाका बसला की कांदा पोसण्याऐवजी झाड फुलाकडे वळते.

डेंगळा कापून पाहिला तर आत पोकळ असतो आणि मध्याच्या जरा खाली फुगलेला असतो. टोकावरचा पापुद्रा फाटला की गोंडा उघडतो. एका गोंड्यात शेकडो फुले. तो कोथिंबिरीच्या छत्रासारखा दिसतो, पण नीट पाहिले तर फरक आहे. कोथिंबिरीत कडेची फुले आधी उमलतात आणि क्रम आत सरकतो. कांद्यात वर-खाली, मध्ये-कडेला कुठेही आज एक तर उद्या दुसरे उमलते, कारण तो खरा छत्राकार फुलोरा नसून अनेक छोटे फुलोरे दाबून एकत्र आलेले असतात. म्हणूनच एक गोंडा दोन-तीन आठवडे फुलत राहतो आणि बी एकाच वेळी पिकत नाही.

एक फूल चिमट्यात धरावे. मध्यावर हिरवी रेघ असलेली सहा पांढरी परिदले, म्हणजे पाकळ्या, तीन बाहेर, तीन आत. सहा पुंकेसर, त्यांतल्या आतल्या तिघांचे देठ बुडाशी पसरट. मधोमध हिरवट, तीन कप्प्यांचा बीजांडकोश, परिदलांच्या वर बसलेला. प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे, म्हणून एका बोंडात जास्तीत जास्त सहा बिया. फूल उमलते तेव्हा कुक्षिवृंत, म्हणजे बीजांडकोशावरची काडी, जेमतेम एक मिलिमीटर असतो. पराग गळून गेल्यावर तो वाढून पाचेक मिलिमीटर होतो, तेव्हा कुठे तिच्या टोकावरची कुक्षी पराग घ्यायला तयार होते. एकाच फुलातला पराग त्याच फुलाला उपयोगी पडत नाही, काम मधमाश्यांनीच करायचे. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर भर फुलोऱ्यात कीटकनाशक मारले की गोंडे पांढरे शुभ्र दिसतात आणि आत बी नसते, त्याचे कारण हेच. आणि दोन वाणांचे प्लॉट जवळ असतील तर मिश्रण ठरलेलेच. पायाभूत बियाण्याला किमान एक हजार मीटर अंतर ठेवायला सांगतात ते उगाच नाही.

आता शेजारी स्पायडर लिलीचे किंवा क्रिनमचे फूल ठेवा. दांडा, पापुद्रा, सहाची मांडणी सगळी तीच, पण बीजांडकोश परिदलांच्या खाली. एका तबकात ही दोन फुले ठेवली की दीडशे वर्षांचा वाद मुलांना पाच मिनिटांत कळतो. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक नाही तिथे साधे भिंग पुरते.

पण कूळ दुरुस्त करून थांबले तर एक नवा धोका उभा राहतो, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे. अमरिलिडेसीतल्या अमरिलिडॉइडी या उपकुळातले कंद विषारी आहेत. आपल्या अंगणातली स्पायडर लिली, पहिल्या पावसात उमलणारी पावसाळी लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली, रानातला गडांबी कांदा म्हणजे क्रिनम, हे सगळे त्या उपकुळातले. त्यांच्या कंदात लायकोरिनसारखी अल्कलॉइडे असतात. खाल्ल्यावर जोराच्या उलट्या होतात, आणि शिजवल्याने ते विष जात नाही. डॅफोडिलचे कंद कांदा समजून शिजवल्यामुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी युरोपात आहेत. कांदा ॲलिऑइडी या दुसऱ्या उपकुळात आहे. त्यात लायकोरिन नसते, गंधकाची संयुगे असतात. म्हणून ‘कांदा अमरिलिडेसी कुळातला’ एवढेच छापले तर कोणी उलटा अर्थ काढू शकतो, की त्या कुळातला कंद म्हणजे कांद्याचाच भाऊ, खायला हरकत नाही. उपकूळ छापणे म्हणून गरजेचे आहे.

पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आंबा या भागात पावसाळ्यात भटकायला आणि रानभाज्या गोळा करायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यांना हे स्पष्ट सांगायला हवे: नाव ‘कांदा’ असले म्हणून कंद कांदा होत नाही. रानकांदा, ज्याला कोळकांदाही म्हणतात, दिसायला तंतोतंत कांद्यासारखा, पापुद्र्यांचा. तो ड्रिमिया इंडिका, ॲस्पॅरागेसी कुळातला. उन्हाळ्यात पाने नसताना त्याचा लांब दांडा फुलतो, पाने पावसात येतात. त्याच्या रसाने हाताला खाज सुटते आणि त्यातील ग्लायकोसाइडे थेट हृदयावर परिणाम करतात. तो औषधात वापरतात हे खरे, पण ते वैद्याचे काम. पान चुरगाळून वास घ्यावा. कांदा-लसणाचा उग्र वास आला नाही तर कंदाला तोंड लावू नये. ही कसोटी नकारापुरतीच वापरायची. नुकताच कांदा चिरलेल्या हाताला प्रत्येक पान कांद्याच्याच वासाचे लागते, त्यामुळे वास आला म्हणून खायला योग्य असे धरू नये.

हा वास ॲलियम प्रजातीची (जीनसची) खूण आहे. अखंड कांद्याला तो फारसा नसतो. पेशीत गंधकाचे संयुग एकीकडे आणि ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) दुसरीकडे कोंडलेले असते. सुरी फिरली की दोन्ही मिसळतात. लसणात त्यातून ॲलिसिन तयार होते. कांद्यात आणखी एक विकर मध्ये येते आणि डोळ्यात पाणी आणणारा वायू बनतो. हे दुसरे विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. आपल्या कांदा-लसूण चटणीत हे रोज घडते. कांदा अख्खा भाजून मग वाटला तर उष्णतेने विकर आधीच निकामी होते आणि चव गोडसर येते.  त्या चटणीत मिरची, खोबरे, तीळ, आले निरनिराळ्या कुळांतले, पण कांदा आणि लसूण एकाच प्रजातीतले आहेत. कांदा ॲलियम सेपा, लसूण ॲलियम सॅटायव्हम. दोघांची गुणसूत्रे सोळा. उपप्रजाती (सबजीनस) मात्र वेगळ्या. कांद्याची पात नळीसारखी पोकळ, लसणाची चपटी. कांदा म्हणजे पानांची पोसलेली बुडे एकावर एक, आणि लसणाची प्रत्येक कुडी म्हणजे पानाच्या बगलेतला एक डोळा, ज्याचे एकच पान जाड झालेले असते. लागवडीचा लसूण बी धरत नाही, कुडीवरच पिढ्यान् पिढ्या लावला जातो, त्यामुळे विषाणू साचत जातात आणि गड्डा लहान होत जातो. बियाण्यासाठी मोठ्या, निरोगी गड्ड्यांच्या बाहेरच्या कुड्या निवडायच्या त्या यासाठी. छोट्या कांद्यांचा घोस येणारा शॅलट हा वेगळा नसून ॲलियम सेपाचाच एक गट आहे.

आपल्या जिल्ह्यात कांदा मुख्यतः पूर्वहंगामी उसात आंतरपीक म्हणून दिसतो, त्यामुळे कूळ पाहून फेरपालट करण्याचा सल्ला इथे हमखास दिला जातो. इथेही जुने कूळ घोटाळा करते. ‘कांद्यानंतर शतावरी किंवा कोरफड नको, कूळ एकच’ असे सांगितले जाते. त्याला आधार नाही. उलट कांदा काढून त्याच वाफ्यात लसूण लावणे किंवा पातीसाठी पुन्हा कांदा टाकणे ही फेरपालट होतच नाही. जांभळा करपा ॲलियमवरच जगतो. कांद्याच्या बुडाची तबकडी कुजवणारी फ्युझेरियम बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, आणि तिच्यासाठी तीन-चार वर्षे कांदा-लसूण दोन्ही टाळावे लागतात. फुलकिडे मात्र कूळ पाहत नाहीत, ते कोबीवरही जातात, म्हणून त्यांच्यासाठी फेरपालटावर विसंबू नये. उसातल्या कांद्याची वेगळी अडचण म्हणजे शेवटपर्यंत उसाच्या हिशेबाने दिलेले नत्र आणि पाणी. कांद्याची मान म्हणजे पानांच्या आवरणांची पोकळ जुडी. पाने थांबली की ती आतून रिकामी होते आणि आपोआप आडवी पडते. उशिरा युरिया पडला की नवी पाने येत राहतात, मान जाड आणि ओली राहते, आणि असा कांदा चाळीत मानेकडून सडतो. निम्म्या माना पडल्यावर काढणी, काढणीआधी दोन आठवडे पाणी बंद, पातीसकट तीन-चार दिवस सुकवणे आणि मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापणे, हे सगळे त्या एका रचनेतून येते.

सडलेला किंवा न खपलेला कांदा जनावरांपुढे टाकण्याची सवय जिल्ह्यात आहे. ॲलियममधील गंधकाची संयुगे गायी-म्हशींच्या तांबड्या पेशी फोडतात. लघवी तांबूस-तपकिरी आणि डोळ्यांच्या कडा फिक्या दिसल्या तर कांदा लगेच बंद करून पशुवैद्य बोलवावा. कुत्र्या-मांजरांना तर शिजवलेला कांदाही देऊ नये.

कुळाची गफलत किराणा दुकानातही आहे. ‘कांद्याचे बी’ म्हणून मिळणारी कलौंजी कांद्याची नाही. ती नायजेला सॅटायव्हा, रॅननक्युलेसी कुळातली. कलौंजी दाण्याला कोन असतात, चोळली की मसाल्याचा सुगंध येतो. कांद्याचे खरे बी सुरकुतलेले असते आणि चोळल्यावर मंद कांद्याचा वास येतो. गफलत दोन्हीकडून महागात पडते. पेरणीचे बी बुरशीनाशक लावलेले असते, ते फोडणीत जाता कामा नये. आणि कलौंजी वाफ्यात टाकून कांदा उगवणार नाही. शंका आली तर ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवावेत. कांद्याचा कोंब गुडघ्यासारखा वाकून, टोकावर काळी टोपी घेऊन वर येतो. बारा दिवसांत सत्तरपेक्षा कमी उगवले तर ते बी प्रमाणित बियाण्याच्या किमान निकषातही बसत नाही, आणि ते बहुधा मागच्या सालचे असते, कारण साध्या साठवणीत कांद्याचे बी वर्षभरच दम धरते.

आपल्या पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी ही विनंती. मजकूर असा घेता येईल: कांदा, गण ॲस्पॅरागेल्स, कूळ अमरिलिडेसी, उपकूळ ॲलिऑइडी, प्रजाती ॲलियम, जाती सेपा. लसणासाठी यातला फक्त शेवटचा शब्द बदलून सॅटायव्हम करावा लागेल.

आपले विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचे काही शिक्षक आणि कांदा बीजोत्पादक
कोल्हापूर